केसभरही फरक नाही

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी बनवलेल्या दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवा, भिंग घ्या, फूटपट्टी घ्या, हवं तर पोलीस आणा, त्यांच्यात केसभरही फरक सापडणार नाही! खुर्च्यांच्या कारखान्यात गेली बावीस वर्षं मी तपासनीस आहे. खुर्चीचे चारही पाय एकसारखे आहेत की नाहीत हे बघणं, हे माझं काम. माझ्या हाताखालून गेलेली एकही खुर्ची आजवर डुगडुगलेली नाही. अशा माणसाने घरच्या गॅरेजमध्ये दोन आसनांचं छोटं लाकडी विमान बांधायला घेतलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

बायको हसली नाहीच. ती रडायच्या बेतात होती. कारण त्या गॅरेजमध्ये तिचं केस कापायचं दुकान होतं.

"अहो, मग माझी गिऱ्हाइकं कुठे बसवू? विमानाच्या टपावर?"

"अगं, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. तोवर स्वयंपाकघर आहे की!"

चार महिन्यांचे चौदा झाले. खुर्ची फ्रिजसमोर आली. गिऱ्हाइकांची डोकी भांडी घासायच्या सिंकमध्ये धुतली जाऊ लागली. कुकरची शिट्टी झाली की खुर्चीतलं माणूस दचकायचं आणि कात्री भलतीकडे जायची. जेवताना घासात केस आला तर तो कुणाचा हे आम्ही रंगावरून ओळखायला शिकलो होतो. बायकोचा भिंतभर आरसा मी स्वतः काढून पलंगामागे उभा करून ठेवला होता, भिंतीकडे तोंड करून. गॅरेजमधलं डोकी धुवायचं बेसिन मात्र मी ठेवलं. त्यात मी सरस कालवायचो.

शेवटी तिचा संयम संपला. पंखांच्या सांगाड्यावर कापड चढवण्याआधी विमान तपासणारे साहेब येऊन पाहणी करतात. त्या दिवसाचा तिने वायदाच केला.

"साहेब हो म्हणाले, तर गॅरेज आणखी एक वर्ष तुमचं. मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण नाही म्हणाले, तर त्याच दिवशी माझा आरसा, माझी खुर्ची आत आणि तुमचं विमान बाहेर!"

"मंजूर!" मी म्हणालो. मनात म्हटलं, बिचारीला आणखी एक वर्ष कुकरशेजारी काढावं लागणार!

पाहणीच्या दिवशी घरात सासरेही हजर होते. ते चाळीस वर्षं बूट आणि चपला शिवून निवृत्त झालेले. माणूस देवमाणूस, पण नजर भयंकर. आमच्या लग्नाचा फोटो पहिल्यांदा हातात घेतल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "जावईबापूंचा बूट अंगठ्याला चावतोय." आणि खरंच चावत होता! म्हणून गेले चौदा महिने मी त्यांना गॅरेजमध्ये पाऊल टाकू दिलं नव्हतं. आज मात्र अंगणात खुर्ची टाकून बसवलं. म्हटलं, बघू दे एकदा जावई काय चीज आहे!

साहेब आले. किडकिडीत, हातात पाटी आणि तिला लावलेला कागद. बोलणं एकच. "हं."

विमानाचं धड आम्ही चाकांवरून अंगणात ओढून आणलं. साहेब भोवती फिरले. सांधे दाबून पाहिले. "हं," म्हणाले. मग पंख आणायचे होते. इथे एक सांगायला हवं. दोन्ही पंख आजवर एकमेकांना भेटलेच नव्हते! गॅरेजमध्ये एकाच पंखाची जागा. म्हणून पहिला तयार झाल्यावर मी तो घरातल्या बोळात छताला टांगला आणि त्याच टेबलावर, त्याच नकाशावर दुसरा बांधला. कित्येक महिने बोळातून आम्ही सगळे वाकून जात होतो. पाहुण्यांना वाटायचं, या घरात फारच नम्र माणसं राहतात.

पंख धरायला माणसं कमी पडली, तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोचं त्या दिवसाचं गिऱ्हाईक, बँकेतल्या बाई, धावत आल्या. केसांना रंग लावलेला, डोक्याला प्लास्टिकची टोपी आणि गळ्यात टॉवेल.

"माझ्याकडे वीस मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "मग धुवावं लागेल."

डावा पंख लावला. खट्! खिळी अशी बसली की बँकेतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी चोरून सासऱ्यांकडे पाहिलं. ते पुढे वाकून बघत होते, पण चेहऱ्यावर काही नाही.

"आता उजवा!" मी छाती फुगवून ओरडलो.

उजवा आणला, धडाशी नेला. आणि बायको म्हणाली, "अहो, याची गोल बाजू मागे कशी?"

मी पाहिलं. डाव्या पंखाची जाड गोल कड पुढे होती, विमानाच्या नाकाकडे. उजव्याची शेपटाकडे!

"उलट धरलाय तुम्ही. फिरवा!"

आम्ही तो अंगणात गोल फिरवला. बाईंची टोपी त्यात अडकता अडकता राहिली. आता गोल कड पुढे आली, पण पंखाचं बारीक टोक धडाला टेकलं आणि रुंद बूड हवेत गेलं.

"चुकलं, चुकलं! उताणा करा!"

उताणा केला. आता बूड धडाशी आलं, गोल कड पुढे आली. माझा जीव भांड्यात पडणार एवढ्यात दिसलं, की पंखाचा फुगीर भाग जमिनीकडे आणि सपाट पोट आभाळाकडे!

हा काय प्रकार आहे? रात्रीतून कुणी पंख बदलला की काय? मी तो पुन्हा फिरवायला लावला. पुन्हा उताणा, पुन्हा पालथा. बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं राहिली."

साहेब पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. "असं उडवलंत तर डावी बाजू वर जाईल आणि उजवी बाजू खाली."

"साहेब, शक्यच नाही!" मी धावत जाऊन वही आणली. "ही बघा, चारशे बारा मापं! हा रकाना पहिल्या पंखाचा, हा दुसऱ्याचा. एक आकडा वेगळा काढून दाखवा! दोन्ही पंखांत केसभरही फरक नाही!"

सासरे हळूच खुर्चीतून उठले. पंखाजवळ आले, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या पंखाच्या कडेवरून फिरवला.

"जावईबापू," ते अगदी मायेने म्हणाले, "दोन्ही डाव्या पायाचे आहेत हो."

"ड... डाव्या?"

"फरक नाही, हाच तर घोळ आहे," साहेब म्हणाले.

मला तरीही समजेना. तेव्हा बायको आत गेली आणि पलंगामागचा आरसा ओढत ओढत घेऊन आली. तो तिने डाव्या पंखाच्या टोकाशी उभा केला.

"हे बघा. आत दिसतोय ना, तो उजवा. तो बनवायचा होता तुम्हाला."

मी आरशात पाहिलं. गोल कड पुढे, फुगीर भाग वर, बूड जिथे हवं तिथे. काय देखणा पंख होता! माझ्या घरात चौदा महिने, पलंगामागे, भिंतीकडे तोंड करून उभा होता!

"पण नकाशात तसं कुठेच नाही!" मी जवळजवळ किंचाळलो. "एकच पंख काढलाय! चला, दाखवतो!"

सगळी वरात गॅरेजमध्ये शिरली. नकाशाचा कागद सारखा गुंडाळला जायचा, म्हणून मी तो पहिल्याच दिवशी टेबलाच्या फळीवर सरसाने गच्च चिकटवला होता. सासऱ्यांनी वाकून पाहिलं, खिशातून चामडं कापायची रापी काढली (निवृत्त झाले तरी रापी खिशातच!) आणि कागदाचा एक कोपरा अलगद सोलला. मग आणखी थोडा. मागच्या बाजूलाही रेषा होत्या. आणि वर ठळक छापलं होतं: 'उजव्या पंखासाठी कागद पालटून ही बाजू पाहावी.'

चौदा महिने! चारशे बारा मापं! आणि मी मागची बाजू स्वतःच्या हाताने चिकटवून टाकली होती!

"खुर्चीच्या पायांना डावं-उजवं नसतं हो!" मी कळवळून म्हणालो. यापेक्षा चांगला बचाव मला त्या वेळी सुचला नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही सुचलेला नाही.

साहेबांनी कागद भरून माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं: 'डावा पंख: उत्तम. दुसरा डावा पंख: उत्तम. उजवा पंख: आढळला नाही.' खाली सही.

"आता हे बेसिन चालू आहे का?" बँकेतल्या बाईंनी विचारलं. "माझी वीस मिनिटं झाली."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बेसिनमधला सरस खरवडायला घेतला. वायदा तो वायदा.

आता गॅरेज पुन्हा तिचं आहे. विमानाचं धड अंगणात ताडपत्रीखाली झोपलंय. एक डावा पंख सासऱ्यांनी त्यांच्या जुन्या दुकानात नेला. तिथे आम्ही दोघं रविवारी उजवा बांधतो. मापं मी घेतो, आणि डावं कोणतं, उजवं कोणतं ते सासरे सांगतात. दुसरा डावा बायकोच्या दुकानाच्या भिंतीवर आडवा लावलाय, त्याच्या भोकांत कंगवे आणि ब्रश ठेवायला. स्वयंपाकघरात राहून गिऱ्हाइकाच्या खुर्चीचा पाय मोडला, म्हणून तिच्या जागी आता माझं वैमानिकाचं आसन बसवलंय. (तो खुर्चीचा पाय माझ्या कारखान्याचा नव्हता, हे नमूद करतो.) त्या आसनात रोज आठ-दहा माणसं बसतात, डोळे मिटतात आणि जागच्या जागी उतरतात.

परवा मीही केस कापायला बसलो. समोर भिंतभर आरसा. आरशात मी, माझं आसन आणि मागे भिंतीवर पंख. मी बघतच राहिलो. उजवा! अगदी खराखुरा उजवा! ऊर भरून आला, आणि तो नीट बघावा म्हणून मी मान वळवली.

"हलू नका!" बायको कात्री थांबवून ओरडली. "नाहीतर दोन्ही कल्ले डावेच होतील!"