एकुरली आणि दोनुरले

मुलांनो, जरा सरकून बसा. फार उत्तरेला, जुन्या जर्मन लोकांच्या वस्तीपलीकडे, एका जंगलात एक अस्वल राज्य करत होतं.

अस्वलाच्या पुढच्या दोन पंजांना मिळून दहा नखं होती. म्हणून त्या राज्यात दहाच आकडे होते. दहाच्या पुढे मोजायची वेळ आली, की महाराज जेवायला उठत.

बर्फ पडायच्या आधी प्राण्यांनी राजगुहेत झोपायला जायचं, असा तिथला रिवाज होता. ज्याच्या नावाचं नख, त्याला आत जागा.

त्या वर्षी साळूबाई नावाची साळिंदर लवकर निघाली, पण वाटेत तिचा पाय मुरगळला. ती पोचली तेव्हा तिच्यापुढे दहा जण होते. तिच्या मागे पाणोबा नावाचं म्हातारं पाणमांजर खोकत उभं राहिलं.

महाराजांनी दहा नखं मोजली. मग साळूबाईकडे पाहून म्हणाले, “एक उरली.”

पाणोबांकडे पाहून म्हणाले, “दोन उरले.”

“महाराज, गुहा केवढी मोठी आहे!” साळूबाई म्हणाली. “पुढे मोजायला माझी नखं घ्या की.”

“प्रजेच्या नखांवर मोजायचं? मग राजा कशाला हवा?”

एवढ्यात दरबारचे भाषापंडित कोल्हेशास्त्री गुहेतून धावत बाहेर आले. त्यांना चौथं नख मिळालं होतं. “वा, महाराज! एकुरली! दोनुरले! दहाच्या पुढचे दोन आकडे झाले! आता ‘उरणे’ म्हणजे नक्की काय, यावर आम्ही परिसंवाद घेतो.”

“मी सांगते ना,” साळूबाई म्हणाली. “बाहेर थंडीत उभं राहणं.”

“बाई, तुम्ही उदाहरण आहात. उदाहरणानं चर्चेत बोलू नये.”

तेवढ्यात लांडगा आला. महाराज ‘तीन उरले’ म्हणणार होते, पण त्यांना त्याचे दात दिसले.

“तीन... तीन-दहा!” महाराज घाईनं म्हणाले. “तुम्ही आमच्या दहांतलेच. या, आत या!”

लांडग्यामागून त्याचा भाऊ चार-दहा म्हणून आत गेला. मेहुणा पाच-दहा म्हणून गेला. मोजणी शंभरावर आली, तेव्हाही वीस चुलतभाऊ बाहेर होतेच. मग यापुढे शंभर म्हणजे एकशेवीस, असा हुकूम निघाला.

“मग मलाही एक-दहा म्हणा!” साळूबाई कळवळून म्हणाली.

“नियम आत्ता झाला, बाई,” शास्त्री म्हणाले. “तुमचा शब्द त्याआधीचा. जुने शब्द असे बदलत गेलो, तर परंपरेचं काय?”

गुहेच्या तोंडावर शिळा सरकली.

साळूबाईला रडू आलं. पण पाणोबांच्या मिशांवर बर्फ साचायला लागला होता. ती लंगडत एका झाडाखाली गेली आणि मुळाशी उकरायला लागली. पाणोबांनी तोंडानं वाळकी पानं ओढून आणली.

“साळू, तुझे काटे गं?”

“तुमच्याकडे तोंड करून झोपते, बाबा.”

दोघं त्या बिळात मुटकुळं करून झोपली.

बर्फ वितळल्यावर शिळा हलली. लांडगे बाहेर आले. चांगले गुटगुटीत झाले होते. त्यांच्यामागून महाराज आले. खूप वेळानं शास्त्री आले, पण शेपटी आली नाही. आधीच्या दहांपैकी आणखी कोणी आलं नाही.

महाराजांनी घसा खाकरला. “साळूबाई, नऊ नखं रिकामी झाली आहेत. आजपासून तुम्ही ‘एक’. उद्यापासून आत राहायला या.”

“छे, छे!” शास्त्री ओरडले. “मग एकुरली कोणाला म्हणायचं?”

“मलाच म्हणा, शास्त्रीबुवा,” साळूबाई म्हणाली. “या राज्यात उरले ती मीच.”

आणि पाणोबांना हाताला धरून ती नदीपलीकडे निघून गेली.

शब्द मात्र मागे राहिले. जंगलापलीकडच्या त्या जर्मन माणसांनी ते उचलले आणि त्यांच्याकडून ते इंग्रजीत गेले. म्हणून इंग्रजीतल्या इलेव्हन-ट्वेल्व्हचं मूळ शोधलं, तर ‘एक उरला, दोन उरले’ असंच सापडतं. थर्टीनपासून पुढे मात्र सगळे दहांतले; ‘टीन’ म्हणजे दहाच.

तात्पर्य : मुलांनो, पहिल्या दहांत येण्यासाठी जिवाचा आटापिटा करा. लांडग्यांनाही थंडीभर काहीतरी लागतंच.