कुशाबाईंचा हाकारा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासाला शिरूर तालुक्याची नोंद घ्यावीच लागेल, याबद्दल पृथ्वीराजला शंका नव्हती. शंका फक्त चिमण्यांना होती, आणि ती त्या थेट यंत्रावर बसून व्यक्त करत होत्या.

यंत्र ज्वारीच्या रानात बांबूवर उभं होतं. वर सोलर पॅनेल, मध्ये कॅमेरा, खाली भोंगा. कॅमेऱ्यानं कणसावरची पाखरं ओळखायची आणि भोंग्यानं ओरडून ती उडवायची. गोफण घेऊन दिवसभर रान राखणाऱ्या माणसाची सुटका, असा उदात्त हेतू होता. त्यासाठी पृथ्वीराजनं पुण्यातली नोकरी सोडून 'हाकारा टेक्नॉलॉजीज' काढली होती. कंपनीचं मुख्य कार्यालय गोठ्याशेजारी होतं, कारण मोबाइलला रेंज तिथंच यायची.

पोरगा हुशार, यात वाद नाही. यंत्र साळुंकी आणि पोपट यांत एकदाही गफलत करत नसे. फक्त उडवायचं जमत नव्हतं. ससाण्याची किंचाळी लावली. पाखरं खात राहिली. फटाक्यांचा आवाज लावला. पाखरं खात राहिली आणि पोलीस पाटील येऊन गेले.

"हुरडा संपस्तवर बघीन," वडील हौसराव म्हणाले. "न्हाई जमलं तर मामानं रांजणगावच्या कंपनीत शब्द टाकलाय. सोमवारी फर्स्ट शिफ्टला हजर व्हायचं."

"आबा, स्टार्टअपला वेळ लागतो."

"कंपनीच्या बसला लागत न्हाई. आपल्या फाट्यावरच थांबती."

मोठे शोध अपघातानं लागतात. एका दुपारी पृथ्वीराज लॅपटॉपात डोकं घालून बसला असताना त्याची आई कुशाबाई भाकरी घेऊन रानात आल्या. हौसराव बांधावर मोबाइल बघत होते आणि त्यांच्यासमोर चिमण्यांची पंगत बसली होती.

"आवं!" कुशाबाई कडाडल्या. "डोळं झाकून बसलाय व्हय? समदं रान खाल्लं की पाखरांनी! उठा!"

लॅपटॉपच्या पडद्यावर थवा भर्रकन उडाला. पृथ्वीराजनं मान वर केली तेव्हा आभाळात पाखरं होती आणि ज्वारीत हात हलवत धावणारे वडील. पण संशोधकाला अशा वेळी वडील दिसत नसतात.

"आई, परत एकदा म्हण!"

"मला काय हौस हाय का रं? त्यांना इचार, आजून ऐकायचंय का."

कॅमेऱ्यानं टिपलेला तोच आवाज भोंग्यात भरला गेला आणि ज्वारी वाचू लागली. शेजारच्या भिमाजी आणि म्हाळूनंही आपापल्या रानात यंत्राचे डबे बसवून घेतले. तिन्ही रानांत पाखरांचा उपद्रव जवळजवळ थांबला. पृथ्वीराजनं आईच्या आवाजातल्या लहरींचे रंगीत आलेख काढले. त्याच सुमारास भिमाजी भरल्या ताटावरून उठून पळतात, अशी त्यांची बायको नकुशी हिची तक्रार आली. पण आलेखात त्याला जागा नव्हती.

"भिमाजीतात्या, मशीनचा काय त्रास न्हाई ना?"

"छ्या! एक नंबर हाय," भिमाजी म्हणाले. "फकस्त आवाज जरा बारीक व्हईल का? नकुशी म्हायेरी दौंडला गेलती, तरी मला चैन न्हवतं."

शेवटी हुरडा खायच्या निमित्तानं पुण्याहून खासनीस साहेब आले. ते गुंतवणूकदार. त्यांनी होकार दिला तर कंपनी, नाही तर सोमवारची बस. हुरडा भाजायच्या आगटीभोवती साहेब, हौसराव, भिमाजी आणि म्हाळू धुतलेल्या कपड्यांत बसले.

"सर, हे पूर्णपणे माणसाशिवाय चालतं," पृथ्वीराज म्हणाला. "बघाच."

थवा उतरला. कॅमेऱ्यानं ओळखला. भोंगा कडाडला, "आवं! डोळं झाकून बसलाय व्हय?"

हौसराव उठले. भिमाजींनी हातातलं गरम कणीस टाकलं. म्हाळू अनवाणी पळाला. आणि या तिघांच्याही पुढे, पांढऱ्या बुटांनिशी, टाळ्या वाजवत खासनीस साहेब ज्वारीत शिरले होते.

या वेळी पृथ्वीराजची मान वर होती. भोंगा ओरडला तेव्हा एक चिमणीही हलली नाही. उडाल्या त्या माणसं अंगावर आल्यावर. कुशाबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या 'आवं' म्हणत, आणि ते ऐकून लग्न झालेला प्रत्येक माणूस आपापल्या बायकोसाठी उठत होता.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पृथ्वीराज साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"सर, खरं सांगतो. पाखरं माझ्या मशीनला भीत नाहीत."

"ते दिसलं," साहेब धापा टाकत म्हणाले. बसण्यापूर्वी त्यांनी एकदा मागं वळून बायको नसल्याची खात्री करून घेतली. "अरे, मोबाइलवरच्या सूचना लोकांनी नुसत्या बघाव्यात म्हणून आम्ही किती वर्षं डोकं फोडतोय. इथं एका हाकेत चार जण उठले. त्यातला एक तर पाहुणा!"

"मग काय समजू, सर?"

"किती डबे बनतील?"

सोमवारी कंपनीची बस फाट्यावर थांबली, हॉर्न वाजवला आणि निघून गेली. आज शिरूरपासून दौंडपर्यंत रानोरानी 'हाकारा'चे डबे आहेत. माहितीपत्रकातले 'माणसाशिवाय' हे शब्द पृथ्वीराजनं कुणी न सांगता काढून टाकले. हौसरावांचं पोट आत गेलं. कुशाबाईंना ओरडावं लागत नाही.

पहिल्या डब्याच्या भोंग्यात या उन्हाळ्यात साळुंकीनं घरटं केलं आहे.