प्रत्येकी एकच बॅग

प्रवासाचं नियोजन मला कोणी शिकवू नये! बारा वर्षं मी मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. रोज तीस-पस्तीस ट्रक माझ्या टेबलावरून सुटतात. कुठे डिझेल भरायचं, ड्रायव्हरने कुठे जेवायचं, कुठल्या नाक्यावर किती खोळंबा होणार, सगळं मी डोळे मिटून सांगतो. तेव्हा बायको, आठ वर्षांचा दादा आणि चार वर्षांची पिटुकली एवढा किरकोळ माल गाडीत घालायचा, चार राज्यं ओलांडायची आणि समुद्र दाखवायचा, हे म्हणजे माझ्यासाठी हत्तीने शेंगदाणा उचलण्यासारखं होतं.

"माल नाही, मुलं आहेत ती," बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे समोरच्याला नीट दिसत नाही हे ती गृहीतच धरते.

"माल बरा!" मी म्हणालो. "माल वाटेत शू लागली म्हणत नाही!"

हॉलच्या भिंतीवर मी भलामोठा तक्ता लावला. चार राज्यांना चार रंग. दर दोन तासांनी शू-थांबा, दर तीन तासांनी खाऊ-थांबा, एक राखीव ओकारी-थांबा. आठवडाभर रोज संध्याकाळी मी रंगवत बसायचो आणि पिटुकली माझ्या मांडीवर बसून पेनांची टोपणं धरायची. सहाव्या दिवसाच्या चौकटीत मी लाल अक्षरांत लिहिलं, 'शेवटचा मुक्काम', आणि खाली झेंडा काढला. काय देखणा तक्ता झाला होता म्हणून सांगू! ऑफिसात असता तर काचेत लावला असता.

"आणि सगळ्यांनी ऐका," मी जाहीर केलं. "प्रत्येकी एकच बॅग! बाकी सगळं इथंच राहणार!"

"सगळं?" पिटुकलीने विचारलं.

"सगळं! नाहीच राहवलं तर देऊन टाक कोणाला तरी!" मी हसून म्हणालो. मला विनोद सुचला की मी मागचापुढचा विचार करत नाही.

दोन दिवसांनी शेजारच्या काकू दारात आल्या. डोळे लाल, आवाज बसलेला.

"म्हणजे पक्कं ठरलं तर?"

"एकदम पक्कं!" मी छाती फुगवून म्हणालो. "भिंतीवर बघा ना!"

"मुलांना झेपेल?"

"मुलंच जास्त खूश आहेत!"

काकूंनी पदराने डोळे टिपले. "मला निदान एका शब्दाने सांगायचंत. ती जन्मल्यापासून माझ्या ओट्यावर वाढली हो."

इतक्या मायेची शेजारीण! माझा ऊर भरून आला. "काकू, वाईट नका वाटून घेऊ. तुम्हीही या की तिकडे कधीतरी!"

काकू तशाच निघून गेल्या. बायको म्हणाली, "यांना काय झालं?" मी म्हणालो, "चांगलं नियोजन पाहिलं की माणसं हळवी होतात."

त्याच आठवड्यात घरातून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. न्हाणीघरातला मग गेला. दाराबाहेरचं पायपुसणं गेलं. भाजी ढवळायचा छोटा डाव गेला. मी बायकोवर खेकसलो, बायको दादावर खेकसली, दादा पंख्यावर खेकसला, कारण आमच्या घरात त्याच्याहून लहान फक्त पिटुकली, आणि तिच्यावर कोणी खेकसत नाही.

मग पिटुकलीच्या बालवाडीतून बोलावणं आलं. गेलो तर काय! फळ्यावर फुलं काढलेली, मुलं ओळीत उभी, पिटुकलीच्या डोक्यावर कागदी मुकुट, आणि एका मोठ्या कागदावर वर्गातल्या सगळ्यांच्या हाताचे रंगीत ठसे.

"आम्हाला विसरू नकोस हं," बाई तिला म्हणाल्या आणि चक्क रडल्या. एक गुटगुटीत मुलगा तर असा भोकाड पसरून रडला, की शिपाईकाका पाणी घेऊन धावले!

आठ दिवसांच्या सुट्टीसाठी एवढा समारंभ! हल्लीच्या शाळा फार कौतुक करतात बुवा, असं म्हणत मी तो ठशांचा कागद गुंडाळी करून घरी आणला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात आमचे घरमालक, मागे एक तरुण जोडपं. जोडप्यातल्या नवऱ्याने आत येताच खिशातून टेप काढली आणि आमची खिडकी मापायला सुरुवात केली!

"अहो, हे काय?"

"पडद्यांसाठी," तो नम्रपणे म्हणाला.

"आमच्याकडे पडदे आहेत!"

"ते तुम्ही नेणार ना?" त्याच्या बायकोने विचारलं.

घरमालक गंभीर झाले. "मला हे आवडलं नाही. सहा वर्षं राहिलात, आणि घर सोडताय हे मला खालच्या शिंप्याकडून कळावं? तुमच्या मुलीने त्याच्या नातीला तीनचाकी सायकल दिली. म्हणाली, आम्ही आता कायमचे चाललो."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. पिटुकली दाराशी तिच्या बॅगेवर बसली होती. डोक्यावर मुकुट. ओठ घट्ट मिटलेले.

बायको तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. "बाळा, कायमचं कोण चाललंय?"

"आपण." तिने तक्त्याकडे बोट दाखवलं. "तो शेवटचा मुक्काम आहे. शेवटचा म्हणजे त्याच्यानंतर काही नसतं. दादाने सांगितलं."

"मी फक्त शब्दाचा अर्थ सांगितला!" दादा ओरडला.

मी बॅग उघडली. कपडा एकही नाही! आत न्हाणीघरातला मग, पायपुसणं आणि छोटा डाव. "तिकडच्या घरात आपलं काहीच नसणार ना," ती म्हणाली. "म्हणून घेतलं."

"अगं, पण तुला जायचं नव्हतं तर सांगायचं नाहीस का?"

तिने मुकुट सावरला. "तुम्ही किती छान रंगवत होता, बाबा."

टेपवाला तरुण हळूच खिडकीशी तोंड करून उभा राहिला. त्याच्या बायकोने नाक ओढलं. घरमालकांनी चष्मा काढून पुसला. मी पिटुकलीला उचललं, मुकुट माझ्या डोळ्यात गेला, आणि डोळ्यातून पाणी यायला एक सोयीचं कारण मिळालं.

"अगं वेडे, आपण परत येणार! हे बघ, इथे..." मी ऐटीत तक्त्याकडे वळलो.

इथे काहीच नव्हतं. झेंडा, आणि मग भिंत.

खरं सांगतो, तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं! आमच्या खात्यात माल पोचला की काम संपलं. परतीचे ट्रक पलीकडच्या टेबलावरची बाई बघते.

"जायला सहा दिवस," बायको बोटांवर मोजत शांतपणे म्हणाली. "रजा आठ दिवसांची. म्हणजे यायला दोन. विमान जोडणार होतास का गाडीला?"

दादा इतका हसला की त्याला उचकी लागली. मग पिटुकली हसली. मग घरमालकसुद्धा! जोडप्याला आम्ही चहा पाजला आणि टेप परत खिशात घालायला लावली.

उरलेली दुपार दारोदार फिरण्यात गेली. शिंप्याची नात सायकल सोडेना. शेवटी एक दिवसाआड दोघींनी चालवायची असा तह झाला. काकूंकडे पिटुकलीचा कापडी ससा होता. त्यांनी तो धुऊन, फाटका कान शिवून, खिडकीत वाळत घातला होता. मला पाहून त्या म्हणाल्या, "तुम्ही पुढे कधी काही ठरवलंत, तर आधी मला दाखवत जा." मी मान खाली घालून हो म्हटलं.

नवा तक्ता बायकोने केला. एका वहीच्या पानावर, पेन्सिलीने. चार राज्यांची दोन झाली, समुद्राचं तळं झालं. अर्ध्या पानावर जाणं, अर्ध्या पानावर येणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही राज्याच्या हद्दीवर पोचलो. रस्त्याकडेला एक पाटी आणि डांबरावर पुसट पांढरी रेघ. पिटुकलीने उतरून रेघ नीट पाहिली.

"आपलं घर कुठल्या बाजूला?"

"या."

तिने पलीकडे उडी मारली. थांबली. मग परत अलीकडे. "आले!" ती ओरडली. "बाबा, परत येता येतं!"

मग पलीकडे. मग अलीकडे. मग दादाही. मग चप्पल काढून ठेवून बायकोही! आम्ही परराज्यात सतरा वेळा गेलो आणि सतरा वेळा सुखरूप परतलो. पिटुकली दर वेळी माझ्या पायाला मिठी मारून पोच देत होती. मीही उडी मारली. एकदा नाही, बऱ्याच वेळा.

अठराव्या खेपेला मी हवेत असतानाच एक ट्रक करकचून ब्रेक लावत शेजारी थांबला. आमच्याच कंपनीचा. खिडकीतून ड्रायव्हरने डोकं काढलं. मला ओळखलं आणि त्याचा चेहरा काळजीने भरून गेला.

"साहेब, गाडी बंद पडली का?"

मी कपाळावरचा घाम पुसला, पँट वर ओढली आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणालो, "हो."

बिचारा पाना घेऊन खाली उतरला.