चंद्रीसमोर बसून चावणारे काका

थांबा, हातातलं काम ठेवा. हे आत्ताच सांगावं लागतंय, न्हाईतर माझं डोकं फुटंल. आमचे भानुकाका महिनाभर शेळीसमोर बसून जेवलेत. रोज! तिच्या तोंडाकडं बघत, ती चावंल तसं चावत!

पहिल्यापासून सांगते. भानुकाका म्हणजे माझे थोरले चुलते. ताडकळसच्या बाजारात शेळीचं वय सांगावं तर काकांनीच. खालचा ओठ ओढून दात बघितले की, "दोन दाती हाय, ने बिनघोर." ह्याच माणसाला दोन वर्षांमागं जिभेचा कॅन्सर निघाला. तंबाखू, दुसरं काय! अर्धी जीभ काढली. रेडिएशनचा शेक द्यायच्या आधी दातबी सगळे काढले. आता परभणीहून कवळी बसवून आणली.

बाजारात एकानं डिवचलं, "भानुदादा, आता तुमचं वय कसं वळखावं?"

काका म्हणले, "मी आदत हाय. खरे दात यायचेत अजून."

आदत म्हणजे दुधाच्या दाताचं जनावर. जीभ अर्धी, पण बोलणं कमी न्हाई! शब्द जाड येतात, थोडे लोळतात, आमाला सवय झालीय.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. आरशासमोर बसा, बारका घास, वर-खाली चावा, वरून घोटभर पाणी, महिनाभर मऊच खा. मी सगळं वहीत लिहून घेतलं. घरी आल्यावर काकांनी आरशात एकदा बघितलं आणि आरसा भिंतीकडं फिरवला. "हे तोंड बघून कुनाला भूक लागतीय?" ताट उचललं आणि गोठ्यात आमच्या चंद्री शेळीसमोर जाऊन बसले.

"काका, कामून ओ?"

"हिला वर पुढचे दात हायत का? बघ, एक न्हाई. तरी बाभळीच्या शेंगा खातीय. डॉक्टरीणबाईपेक्षा हिला जास्त कळतंय."



पण शेळी चावती आडवं. काकांनीबी आडवंच सुरू केलं. खालची कवळी धरायला जीभ पुरत न्हाई, ती निसटली आणि सरळ कडब्यात. मी गुडघ्यावर बसून शोधायलेय, तवर चंद्रीनं ती हुंगून तोंड फिरवलं.

"बघ, पसंत न्हाई पडली तिला."

"हसू नका! धुवायची मलाच हाय!"

"सबर, माय, सबर."

हे एक 'सबर'! घास गालात अडकला, सबर. खिचडी थंड झाली, सबर. काकांचा एक घास खाली जाईस्तोवर मी बादलीभर कपडे धुवून वाळू घालते.

आणि त्या दिवशी तर हद्दच झाली. मी लोण्यासारखी खिचडी शिजवलेली, ती चंद्रीच्या पोटात! आणि काकांनी धोतराच्या सोग्यातून काय काढावं? कालची वाळकी भाकर! हिरड्या सोलून लालभडक.

"काका! भाकरीवाचून काय अडलंय तुमचं?"

त्यांनी घराकडं बघितलं, आवाज बारीक केला. "माझं न्हाई. तुझ्या काकूचं अडलंय."

"तिला तर भाकर पचतच न्हाई. दोन वर्षं झाली, तीच सांगती."

"तिला?" काका हसले, कवळी हालली. "कडक पापुद्र्यावरून नणदांसंगं भांडायची ती. मला नळीनं पाजायलते, तव्हापून सोडली भाकर. मी गिळंल तेच ती गिळायलीय. मी चावून दाखवल्याबिगर न्हाई खायची."

"मग तिच्यासमोर बसा की. इथं कामून?"

"तिच्यासमोर घास पडला तर ती आनखी दोन वर्षं भाकर सोडंल. चंद्रीला काय त्याचं."

मी उठून घरात गेले. मग वही आणली आणि चंद्रीकडं त्यांची पाठ करून बसवलं. वर-खाली, काका. वर-खाली.

आज महिना भरला. तासाभरामागं काका ताट घेऊन घरात आले, काकूसमोर बसले. तिच्या ताटात खिचडी. काकांनी नखाएवढा भाकरीचा तुकडा तोंडात घातला. वर-खाली. पाण्याचा घोट. काकूचा हात ताटातच थांबला. मी वही घट्ट धरलेली. काकांनी हातानंच 'सबर' म्हणलं. गळ्याची घाटी हालली.

मग बाजारातल्या शेळीवानी आ करून दाखवलं.

काकू पुढं वाकली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. पदरानं त्यांच्या ओठाचा कोपरा पुसला. "मिटा आता, पोरगी बघायलीय."

आणि त्यांच्या ताटातल्या भाकरीचा पापुद्रा सोलून घेतला. कर्रकन आवाज आला. काका तो ऐकत बसले, दुसरा घास घ्यायचंच इसरले.

तुमच्या घरीबी कुणी 'मला न्हाई पचत' म्हणून काही सोडलंय का? तुमाला कधी कळलं? सांगा बरं!