ज्युनिअर केजीचे बारा हुकूम

शिस्तीची सुरुवात क्रियापदापासून होते. मराठी माणूस मागे पडतो तो इथेच. "तेजू, ते खेळणं ठेव आणि हात धुऊन जेवायला ये" यातलं 'ये' येईपर्यंत पोर गॅलरीत पोचलेली असते. इंग्रजी हुकमात क्रियापद पहिलं, आणि कर्ता गायब. ज्याच्या कानावर पडेल त्याने मुकाट्याने करायचं. एवढी सोय पोलीस खात्याकडेही नाही.

सातपूरच्या संजनाला हे मनापासून पटलं, कारण लेकीच्या, तेजलच्या, ज्युनिअर केजीच्या मुलाखतीला महिनाच उरला होता. जागा चाळीस, मुलं एकशे ऐंशी. शाळेने दिलेल्या कागदावर बारा हुकूम होते: सिट, स्टँड, कम, गिव्ह वगैरे. संजना मानसशास्त्रात बी.ए., म्हणून तिने फ्रिजवर तक्ताच लावला. पहिल्या आठवड्यात आज्ञापालन चौतीस टक्के, चौथ्यात एक्क्याण्णव. (उरलेले नऊ टक्के सर्दीचे.)

नांदगावहून आलेल्या सासूबाई दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आगं, समोरच्या बंगल्यात कुत्र्याला आसंच म्हणत्यात ना?"

"मग आई, तोच राहतो ना बंगल्यात?"

(मुद्दा बिनतोड होता.)

मुलाखतीत तेजलने बाराच्या बारा हुकूम पाळले. मग मॅडमनी मायेने मराठीत विचारलं, "तुला काय आवडतं गं?"

तेजल गप्प. आईकडे बघत, हुकमाची वाट पाहत.

महिन्यापूर्वी हीच पोर या प्रश्नावर तासभर बोलली असती: पेरू, गच्चीवरची काळी मांजर, बाबांची कंपनीची बस. आता ओठ घट्ट मिटलेले.

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या. "अजिबात त्रास नाही हिचा." प्रवेश पक्का.

हिचं बोलणं परत कसं आणायचं, हे विचारायला संजनाने तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. "साइन."

संजनाने सही केली.

"नेक्स्ट."

संजना उठली. कागदावर काय होतं, ते तिला आजही माहीत नाही.

हसलात? हसा. काल तुमच्या मोबाइलवर 'ॲक्सेप्ट' असं आलं होतं. कोणी, काय, कशासाठी, हे वाचलंत, की नुसताच अंगठा उमटवलात? तुमचे आजोबा तसं करायचे, तेव्हा त्याला अडाणीपणा म्हणत.