तीन किलोंची रोजची चोरी

"लिही," मामा म्हणाला. "'गरुडाची नजर, कुत्र्याचं नाक, घुबडाचे कान.' लिहिलंस?"

"मामा, हे गुप्तहेराचं वर्णन आहे की प्राणिसंग्रहालयाचं?"

"तुला लिहायला सांगितलंय, मत द्यायला नाही. पुढे लिही. 'ज्याच्या नुसत्या चाहुलीने गुन्हेगारांची बोबडी वळते, असा हा एकमेवाद्वितीय गुप्तहेर...'"

हा एकमेवाद्वितीय गुप्तहेर म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. विमा कंपनीतली नोकरी सुटल्यावर त्याने हा उद्योग काढला. मी त्याची बिनपगारी मदतनीस. आईने बजावून ठेवलंय, "त्याच्या मागेमागे राहा गं, कुठेतरी मार खाऊन येईल." आजवर सोडवलेल्या केसेस एकूण एक. शेजाऱ्यांची हरवलेली छत्री. ती आठवडाभर मामाच घेऊन हिंडत होता, पण सापडली की नाही? त्याच छत्रीमुळे मामाची कीर्ती गल्ली ओलांडून कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेली आणि शनिवारी सकाळी मालकीणबाईंचा फोन आला.

लाँड्रीत शिरलं की आधी वाफ भेटते, मग माणसं. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या, डोळे सुजलेले. एका मोठ्या हॉटेलच्या चादरी आणि टॉवेल रोज सकाळी त्यांच्याकडे येतात आणि संध्याकाळी धुऊन, वाळवून, घड्या करून परत जातात. नग कोणी मोजत बसत नाही, सगळा व्यवहार किलोवर. नवा डिजिटल काटा बसवल्यापासून संध्याकाळी माल रोज साडेतीन किलो कमी भरायला लागला होता.

"टॉवेल धुतला की मळ जातो!" मामा गरजला. "मळाला वजन असतं! केस संपली. चहा सांगा."

"मळ जातो तो पाव किलो," मालकीणबाई म्हणाल्या. "आईच्या काळापासून बघतेय मी. बाकीचं कुठे जातं? हॉटेलचा मॅनेजर म्हणतो, तुमच्याकडे कोणीतरी टॉवेल पळवतंय. आज संध्याकाळपर्यंत सोक्षमोक्ष लावा, नाहीतर घड्या करणारीला काढा, नाहीतर सोमवारपासून माल दुसरीकडे."

घड्या करणारी म्हणजे लाँड्रीतली सगळ्यांची मावशी. लांब टेबलामागे उभी राहून ती टॉवेल असे दुमडत होती की कडा कडांना बिलगत होत्या. मालकीणबाई शाळेत जायच्या तेव्हापासून ती इथे आहे.

"काढ की," मावशी मान वर न करता म्हणाली. "तुझी वेणी घातली या हातांनी. आता हेच हात चोर झाले."

"मावशी, मी म्हणाले का तसं?"

"म्हणाली नाहीस. पण पोलिसाला बोलावलंस ना."

"पोलीस नाही, गुप्तहेर," मामाने खुलासा केला.

"तेच ते. फक्त बिनकामाचा."

मावशी मला तिथल्या तिथे आवडून गेली. आणि मनात आलं, हिला काढलं तर या वयात ही जाणार कुठे? मामाच्या भरवशावर ही बाई सोडायची म्हणजे तिचं काही खरं नव्हतं.

मामाने मोर्चा काट्याकडे वळवला. जमिनीलगत लोखंडी पाट, आणि वर खांबावर इंडिकेटर, म्हणजे लाल आकडे दाखवणारी डबी. खाली चार-पाच बटणं. मामा पाटावर चढला. अठ्ठ्याहत्तर किलो. "पोलादी देह," असं पुटपुटत त्याने सगळी बटणं एकेकदा दाबून पाहिली आणि खाली उतरला. आकडा अठ्ठ्याहत्तरच.

मामाने माझा दंड पकडला. "मी उतरलो," तो कुजबुजला, "पण वजन उतरलं नाही. माझ्या जागी कोणीतरी उभं आहे. न दिसणारं."

"मामा, तू होल्डचं बटण दाबलंस. आकडा गोठून राहतो त्याने."

"असं त्याला वाटतंय की आपल्याला वाटावं."

म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. त्याने आणखी एक बटण बराच वेळ दाबून धरलं. डबीने टूं टूं केलं, कसलीशी इंग्रजी अक्षरं दाखवली. मामा परत चढला. एकशे बहात्तर!

"दुसराही येऊन बसला!" मामा ओरडला आणि पाटावरून उडी मारून सरळ चादरींच्या ढिगात पडला.

कोणी बसलं नव्हतं. मामाने सेटिंगमध्ये जाऊन किलोचे पौंड केले होते. काट्याबरोबर आलेला माहितीचा कागद मालकीणबाईंनी काढून दिला. तो वाचून मी पौंडांचे किलो केले, डबी बंद करून चालू केली. पाट रिकामा, आकडा शून्य. मावशी एवढंच म्हणाली, "या चादरींचा पसारा आता कोण आवरणार?"

तेवढ्यात हॉटेलचा माल आला आणि मालकीणबाईंची रोजची घाई सुरू झाली. त्यांनी चाकांची ट्रॉली पाटावर ढकलली, खांद्यावरची जेवणाची पिशवी ट्रॉलीच्या हुकाला अडकवली, पदर खोचला आणि टेअरचं बटण दाबलं.

"हे काय केलंत?" मामाची गरुडाची नजर चमकली.

"काटा बसवणाऱ्याने सांगून ठेवलंय. रोज सकाळी कपडे भरायच्या आधी ट्रॉली ठेवायची आणि टेअर दाबायचं. म्हणजे ट्रॉलीचं वजन काटा आपणहून वजा करतो, नुसत्या कपड्यांचं दाखवतो."

"थांबा! मी समोर असताना परत दाबा. माझ्या देखत झालं पाहिजे." मामाने आपली तपासाची पिशवीही त्याच हुकाला अडकवली, कारण म्हणे गुप्तहेराचे हात मोकळे हवेत. मालकीणबाईंनी बिचाऱ्यांनी परत टेअर दाबलं. ट्रॉलीत माल भरला. बरोब्बर चौसष्ट किलो.

दुपारी जेवायच्या वेळी मालकीणबाईंनी आपली पिशवी काढून टेबलावर ठेवली. मामाने आपली काढून खांद्याला लावली. मग सगळे पांगलेले बघून त्याने रिकामी ट्रॉली पाटावर चढवली. डबीवर वजा पावणेसहा.

"भाचे, धावत ये! ट्रॉलीच चोरीला जातेय!"

"ट्रॉली तर समोर उभी आहे."

"थोडी थोडी जातेय गं! सकाळपासून पावणेसहा किलो झिजली. कोणीतरी कानशीने घासतंय." त्याने खिशातून भिंग काढलं आणि तासभर ट्रॉलीची चाकं तपासली. भिंगाला ग्रीस लागलं, तेच भिंग त्याने डोळ्याला लावलं, आणि उरलेली दुपार गरुडाची एक नजर काळी घेऊन तो वावरला.

मी मात्र त्या वजा आकड्याकडे बघत राहिले. डोक्यात काहीतरी वळवळत होतं, पण मामा शेजारी असला की माझंही डोकं त्याच्यासारखंच चालतं.

संध्याकाळी माल ट्रॉलीत रचला. मावशीने शेवटचा टॉवेल ठेवून त्यावरून हात फिरवला. ट्रॉली पाटावर गेली. आकडा स्थिर झाला.

अठ्ठावन्न.

"सहा किलो!" मालकीणबाई मटकन खाली बसल्या. "रोज साडेतीन जायचे, आज सहा!"

"चोर मला पाहून बिथरलाय," मामा म्हणाला. "दिवसभर दारातून कोण बाहेर गेलं? कोणीच नाही. म्हणजे माल अंगावर गुंडाळलाय. संशयिताने पुढे यावं."

मावशी पुढे आली. तिने कमरेचा ॲप्रन सोडला, त्याचीही घडी केली, कडेला कड लावून, आणि मालकीणबाईंपुढे धरला. "घे बाई. तुझं गिऱ्हाईक जायला नको माझ्यापायी."

मालकीणबाईंनी ॲप्रन घेतला नाही. त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. मला मामाचा असा राग आला की त्याचं भिंग त्याच्याच डोक्यात घालावं.

तेवढ्यात मालकीणबाईंचे यजमान त्यांना न्यायला आले. त्यांना सगळी लाँड्री 'अहो' म्हणते, कारण त्यांचं दुसरं नाव कोणी ऐकलेलं नाही. आतमध्ये काय चाललंय याचा त्यांना कधीच पत्ता नसतो, तसा तेव्हाही नव्हता.

"अगं, ही पिशवी इतकी जड कशी?" त्यांनी टेबलावरची पिशवी उचलली. "डबा भरलेलाच! जेवली नाहीस?"

"घास उतरेना," मालकीणबाई म्हणाल्या. "मावशीला काय तोंड दाखवू, दुसरं काही सुचत नव्हतं."

"अरेरे. चल, घरी जाऊन जेवू." अहोंनी चप्पल नीट घालायला हात मोकळे केले आणि पिशवी ट्रॉलीच्या हुकाला अडकवली, रोज बायको अडकवते तशी.

डबी लुकलुकली. सव्वाएकसष्ट.

सगळ्यांच्या माना डबीकडे वळल्या. अहोंना वाटलं आपलं काहीतरी चुकलं, म्हणून त्यांनी पिशवी काढली. अठ्ठावन्न. परत अडकवली. सव्वाएकसष्ट.

"अगंबाई," मालकीणबाई उठल्या. "माझा डबा! सकाळी टेअर दाबते तेव्हा हा इथेच असतो. काटा ट्रॉलीबरोबर माझा डबाही वजा करतो. आणि दुपारी मी तो काढून नेते!"

"पण अजून कमीच आहे," मामा विजयी मुद्रेने म्हणाला. "उरलेल्या मालाचा चोर..."

मी त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवली. जाडजूड टॉर्च, खेळण्यातल्या बेड्या, नकली दाढी आणि विमा कंपनीतून चुकून घरी आलेलं पेपरवेट. अडकवली हुकाला.

पावणेचौसष्ट.

"तो पाव किलो मळाचा," मावशी शांतपणे म्हणाली.

मालकीणबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "चुकले मी, मावशी. काट्यावर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही."

"काटा नवा आहे," मावशी म्हणाली. "मी जुनी. चालायचंच." पण मग दोघी गळ्यात पडून इतक्या रडल्या की अहो घाबरून पंखा लावायला धावले.

ॲप्रन परत कमरेला आला. मालकीणबाईंनी हॉटेलच्या मॅनेजरला फोन लावून सगळं सांगितलं. तो आधी हसला आणि मग सोमवारचा माल पाठवतो म्हणाला. अहोंनी पिशव्या अडकवायला भिंतीला एक खिळा ठोकला, काट्यापासून लांब. मग घड्यांच्या टेबलावर तो डबा उघडला आणि पहिला घास मालकीणबाईंनी मावशीला भरवला. आम्हालाही बसवलं. मुद्देमाल बघता बघता फस्त झाला.

"लिही," मामा भरल्या तोंडाने म्हणाला. "'अखेर या एकमेवाद्वितीय गुप्तहेराने...'"

मी लिहिलं. सोडवलेल्या केसेस दोन. दोन्ही वेळा हरवलेली वस्तू गुप्तहेराच्याच अंगावर सापडली.

"काय लिहिलंस?" मामाने विचारलं.

"तुझी कीर्ती," मी म्हटलं.

मावशीने डब्यातला शेवटचा घास त्याच्या पानात वाढला. "खा हो," ती म्हणाली. "पण सोमवारी इकडे आलात, तर ही टेअर दाबताना तुम्ही जरा त्या खिळ्यापाशी उभे राहा."