मुळ्याच्या वाफ्यावरचा पहारा

दळवीकाकांना आमच्या चाळीतल्या प्रत्येकाच्या चपलेचा तळ पाठ आहे. सकाळी दूध आणायला निघाले की दारादारासमोर थांबतात, चप्पल उलटी करतात, चष्मा कपाळावर चढवून निरखतात आणि होती तशी ठेवून देतात. "बघतोय मी," एवढंच म्हणतात. चाळीत नव्याने आलेल्या सुनांना वाटतं, म्हातारा चपलाचोर आहे.

कारण आहे गच्चीवरचे पाच वाफे. लालबागच्या आमच्या चाळीत विटा रचून, खाली वाढदिवसांच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स अंथरून काकांनी ते केलेत. दिवाळी झाली की माती उन्हात पसरायची, तिच्यात वाळका पाला आणि नारळाच्या शेंड्या कालवायच्या, मग मेथी, मुळा, लाल माठ पेरायचा. कबुतरांसाठी जाळी. शेजारच्या टॉवरची सिमेंटची धूळ बसू नये म्हणून जुन्या साड्या. मुंबईची थंडी ती केवढी! पण घरातला पंखा बंद करावासा वाटला, की काका स्वतःची गोधडी वाफ्यांवर घालतात आणि आपण कानटोपी घालून कुडकुडत बसतात. उरला माणसांचा धोका. त्यासाठी संध्याकाळी वाफ्यांभोवती रांगोळी भुरभुरवायची आणि सकाळी त्यात पावलं शोधायची. तीस वर्षं गोदीच्या गेटवर कामगारांचे डबे उघडून बघितलेला माणूस, दुसरं काय करणार?

एकदा आमच्याकडे मेथीची भाजी होती. काका दारात थबकले.

"मेथी कुठली?"

"दादरची, काका."

"वास ओळखीचा वाटला," म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून माझ्या चपला दोनदा उलटल्या जाऊ लागल्या.

इतकं करूनही तीन-चार दिवसांनी एखाददुसरा मुळा जायचाच. मग काका गॅलरीत उभे राहून अख्ख्या चाळीचा उद्धार करायचे. शेवटी कंटाळून कमिटीने ठरवलं, गच्चीवर कॅमेरा लावू. आम्हाला वाटलं, काका पेढे वाटतील. काका मीटिंगमध्ये ताडकन उठले. "कॅमेरा नको. बायका वर कपडे वाळत घालतात." कमिटीने ऐकलं नाही. रविवारी कॅमेरा लावायचं ठरलं.

आता संशय मला आला. म्हातारा आपणच मुळे खातो आणि आपणच ओरडतो की काय? दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच वर गेलो. काका झाडूने रांगोळी पुसत होते. त्यांच्यापुढे एक पाऊल स्पष्ट उमटलं होतं आणि बाजूला काठीच्या टोकाचा गोल ठिपका. चाळीत काठी एकट्या पाटकरकाकांची, दुसऱ्या मजल्यावरची. हे दोघे पूर्वी एका ताटात जेवायचे. पाण्याचा पंप किती वाजता लावायचा यावरून भांडले, ते सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मुळ्याशिवाय जेवण जात नाय त्याला. बोलत नाय, मग मागणार कसा?"

"मग ओरडता कशाला?"

"नाय ओरडलो तर त्याला कळेल ना, मला माहिताय ते. यायचा बंद होईल."

"तुम्हीच बोला की एकदा त्यांच्याशी."

काका झाडूच्या काड्या सारख्या करू लागले. "आणि तो नाय बोलला तर?"

मला गलबलून आलं. या माणसाबद्दल आपल्याला असं काही वाटेल, हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

शनिवारी मी कमिटीपुढे कबूल केलं, मुळे मीच नेत होतो. कॅमेरा रद्द झाला. काकांनी गॅलरीतून मला असं झाडलं की तळमजल्यावरचे लोकही बाहेर आले. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पाटकरकाका तर जिन्यात भेटले की माझ्याकडे रोखून बघतात. आपल्या वाट्याचे मुळे हाही नेत होता, असं त्यांना वाटतं.

पुढच्या रविवारी काकांनी मला वर बोलावलं. नवा मुळा पेरायचा होता, पण या वेळी वाफा जिन्याच्या दाराला लागून आणि कमरेइतका उंच हवा होता. विटा वाहून माझी पाठ मोडली.

"उंदरांसाठी का एवढा उंच?" मी विचारलं.

"गुडघे गेलेत रे त्याचे," काका म्हणाले. "वाकवत नाय आता."